सायकलवाल्या बाईचे कार्ड

॥ श्री ॥

मु. धाड, जि. बुलढाणा, वऱ्हाड
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६०
ता. २७ नोव्हेंबर १९३८

चि. सौ. कोकिळा हिस,

शालिग्रामदादाचे अनेक आशीर्वाद. तुझी आणि बाळीची प्रकृती ठीक असल्याचे भगवानरावांच्या पत्रावरून समजले. बाळी आता मुठी उघडते आणि झोपेत हसते असे त्यांनी लिहिले आहे. आईला मी ते दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, "सटवाई हासवते तिले. हासू दे."

इकडे कापसाची पहिली वेचणी झाली. यंदा बोंडे लहान आहेत. शाळेत पोरे फार थोडी येतात, सगळी वेचणीवर जातात. काळ्या गाईला गोऱ्हा झाला. शेजारच्या अंबूबाईच्या डोळ्याला आराम आहे.

इतके लिहून मी दौत झाकून ठेवली होती. आज पुन्हा उघडली.

मला कार्डावर लिहायची सवय आहे. कार्डावर जागा संपते आणि माणूस सुटतो. हा कागद मोठा आहे. काय लिहावे ते सुचत नाही म्हणून आपल्या शेषरावच्या पेटीबद्दल लिहितो.

ती पत्र्याची पेटी आता माझ्या खोलीत आहे. बाजाराच्या दिवशी तो ती विहिरीजवळच्या निंबाखाली मांडून बसत असे. बांगड्या, फण्या, आरसे, गुंड्या सगळे खाली, आणि झाकणाला आडवी दोरी बांधून तिच्यावर चित्रांची कार्डे. मुंबईहून गठ्ठा मलकापूरच्या स्टेशनावर यायचा, तो आणायला स्वतः जायचा. आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही. एकेक कार्ड हातात धरून बघत बसायचा. त्यावर काय बोलायचे ते ठरवायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळले. मला वाटे, त्याला ते बसल्या जागी सुचते.

तू सासरी गेल्यावर त्याचा धंदा वाढला, म्हणून तू सगळे पाहिले नाहीस. पाटलोण घातलेल्या मांजरीचे विलायती कार्ड हातात धरून तो ओरडायचा, "या हो या! हे इलायतची मांजर पाहा, खुर्चीवर बसून चहा पेऊन राह्यली! तुमची मांजर घरी काय करते? दूध चोरते! शिकवा तिले काही!" एक साहेबाचे होते. साहेब मच्छरदाणीत टोपी घालून बसला आहे आणि डास सगळे मच्छरदाणीच्या आतच आहेत. त्या कार्डापुढे लोक पोट धरून हसायचे. सोनाळ्याकडचा एक म्हातारा नुसता हसून हसून खाली बसला आणि कार्ड न घेताच गेला. शेषराव म्हणाला, "जाऊ द्या, त्याचं घेऊन झालं."

अंबूबाईची गोष्ट त्याने तुला लिहिली होती का? सिनेमातल्या एका नटीचे कार्ड होते, पांढरे पातळ, हातात तंबोरा. अंबूबाईने ते उचलून कपाळाला लावले. शेषराव म्हणाला, "मावशे, ते देवी नाही वं, नटी आहे. मुंबईत सिनेमात नाचते."

"मंग काय झालं? तुह्या पेटीत बसली तं नटी, माह्या देव्हाऱ्यात बसली तं देवी. दे इकडे."

ते कार्ड अजून तिच्या देव्हाऱ्यात आहे. रोज हळदकुंकू लागून चेहरा दिसेनासा झाला आहे, तंबोरा तेवढा दिसतो.

डोणगावचे स्थळ तर तुला आठवत असेल. तू तेव्हा परकर नेसत होतीस. त्या मंडळींनी मुलाचा विचार कळवा म्हणून लिहिले, आणि ह्याने काय करावे, नवरीने नवऱ्याला दावे लावून ओढत नेल्याचे कार्ड पाठवले. नवऱ्याच्या डोक्यावर बाण काढून पुढे लिहिले, "हा मी." पत्रिका परत आली. बाबा जोडा घेऊन गोठ्याभोवती धावत होते, आणि तू शेषरावला कणगीत बसवून वर उभी राहिलीस. बाबांनी विचारले तर म्हणालीस, "कोणता भाऊ?" त्यानंतर त्याने कोणतेच स्थळ होऊ दिले नाही.

तो बाण त्याची सही होती. तुझ्या लग्नानंतर तुला जेवढी कार्डे गेली त्या सगळ्यांवर बाण. जाड्या बाईकडे बाण, "आमची कोकी." वाळक्या नवऱ्याकडे बाण, "भगवानराव, वजन घटले." उघड्या कार्डावर असले लिहितात का म्हणून तुझे मामंजी उकंडराव पहिल्या वर्षी रागावले होते, आणि दुसऱ्या वर्षी कार्ड आले नाही तर टपालवाल्याला विचारायला लागले, हे तूच लिहिले होतेस.

मागे वळून वाचले तर वर मी "बसत असे" आणि "ओरडायचा" असे लिहिले आहे. खोडत नाही.

कोकिळे, शेषराव गेला. पोळ्याच्या आधी दोन दिवस. ताप आला तो उतरलाच नाही. बुलढाण्याहून डॉक्टर आणला होता, औषध चालू होते. शेवटी तो काहीतरी गंमत बोलून गेला असे गावात सांगतात. ते खरे नाही. शेवटच्या दिवशी तो काही बोलला नाही, त्याला आम्ही ओळखू येत नव्हतो. हे मी तुला खरे लिहितो कारण ते दुसरे तुझ्या कानावर कोणीतरी घालील आणि तुला बरे वाटेल, आणि मला ते खोटे वाटेल.

गावात कोणी गेले की नातेवाइकांची कार्डे लिहायला लोक माझ्याकडे येतात, हे तुला माहीत आहे. अक्षर स्वच्छ आहे आणि मी फार शब्द घालीत नाही. मजकूर लिहायचा, शाई वाळली की कोपरा फाडायचा. कोपरा फाटका दिसला की घेणाऱ्याने ते अंगणात वाचावे, घरात आणू नये, हे लहान पोरालाही कळते. शेषरावने मला कोपरेमास्तर असे नाव ठेवले होते. बाजारात सांगायचा, "माह्या अन् दादाचा धंदा एकच, कार्डाचा. मी हासवतो, थो रडवतो. गावाले दोन्ही पाह्यजे." तो गेल्याची कार्डेही मीच लिहिली. दुसरा कोणी लिहिणारा नव्हता. तुमच्या घरचे कार्ड मी भगवानरावांच्या कचेरीच्या पत्त्यावर टाकले, कारण तुला तेव्हा सातवा सरत आला होता.

त्यांचे उत्तर तेराव्यानंतर आले. लेडी डॉक्टरने तुला खाटेवरून उठू नको म्हटले आहे, आधीची दोन गेली आहेत, ह्या वेळी मनाला धक्का बसला तर ती जबाबदार नाही, असे होते. आणि खाली, "कोकिळा रोज भाऊच्या कार्डाची चौकशी करते. मी काय सांगू?"

मी ते आईला वाचून दाखवले. ती जात्यापाशी नुसतीच बसली होती. म्हणाली, "तू लिही."

"मी? मले ते जमत नाही वं माय."

"साऱ्या गावाची कार्डं लिहितो ना? मंग हेही लिही. पोरगी वाचली पाह्यजे."

मी पेटी उघडली. मांजरीचे कार्ड घेतले. शेषरावचे अक्षर काढणे कठीण नव्हते, तो ओळ तिरपी नेतो आणि काना लांब ओढतो. पण लिहायचे काय? मी लिहिले, "ह्या चित्रातील मौज अशी की मांजर हा पशू असूनही खुर्चीवर बसला आहे." आईला वाचून दाखवले.

ती म्हणाली, "हे काय पंचनामा लिहिला बे?"

आणि मग ती स्वतः सांगायला लागली. शेषराव बाजारातून आल्यावर चुलीपाशी बसून जे जे बोलायचा ते तिला सगळे पाठ होते. मी कधी लक्ष दिले नव्हते, मी बाहेर पोरांच्या वह्या तपासत असायचो. ती त्याच्या आवाजात बोलली. "लिही, कोके, हे मांजर तुह्या सासरची दिसते, कामाचं नाव नाही अन् चहा दोन्ही वेळ." आणि हसली. पदर तोंडावर धरला, तरी हसू येतच राहिले. मीही हसलो. महिना झाला नव्हता त्याला जाऊन.

तेवढ्यात अंबूबाई समाचाराला म्हणून आली, ती दारातच उभी राहिली. "माय वं! हासता?"

आईने तिला खाली बसवून सगळे सांगितले. अंबूबाईने ते कार्ड हातात घेऊन पाहिले. मग म्हणाली, "सासूचं नाव नको घालू. सासू वाचन अन् पोरीले बोलन. मांजर भगवानरावाच्या हापिसातली कर." तसेच केले. नंतर दर आठवड्याला ती यायची आणि विचारायची, "आज कोन्तं कार्ड?" तुला आलेली मच्छरदाणीची गोष्ट आईची आहे. उंटावरच्या शेठजीची अंबूबाईची. बाण तेवढे मी काढले.

तू दर वेळी उत्तर पाठवायचीस. "भाऊ, पोट दुखेपर्यंत हसवू नको, डॉक्टरीण रागावते." आणि शेवटी दर वेळी, "कधी येतोस?" ते उत्तर आईला वाचून दाखवताना मी ती शेवटची ओळ गाळत असे.

आता सायकलवाल्या बाईच्या कार्डाबद्दल.

पितृपक्षात आपल्या गल्लीतले नारायणराव वारले. त्यांचा मुलगा कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. त्यांचे नातेवाईक पुष्कळ, पार जालन्यापर्यंत. मी ओसरीवर बसून लिहीत होतो आणि टपाल नेणारा पुंजाजी अंगणात उभा होता, मोटर सुटते म्हणून घाई करीत होता. तुझे कार्ड त्याच टपालाने जायला हवे होते, आधीच उशीर झाला होता. सायकलवर बसलेली बाई, लाल पातळ, मागे नवरा पोर काखेत घेऊन पळतो आहे. मजकूर आदल्या दिवशी ठरला होता. मी शेषरावच्या अक्षरात भराभर लिहिला, बाण काढला, शाई वाळवली आणि सगळी कार्डे पुंजाजीला दिली.

तो गेल्यावर मी बसल्या जागेवरचे कपटे गोळा केले. फाडलेले कोपरे मी कधी वाऱ्यावर जाऊ देत नाही, चुलीत घालतो. सगळे साध्या कार्डांचे, बदामी होते. एक रंगीत होता. त्यावर थोडा रस्ता आणि सायकलीचे अर्धे चाक होते.

कोकिळे, हाताने केले. मला कळलेही नाही.

मी पळत गेलो. मी शाळेतला मास्तर, धोतर वर धरून बाजारातून पळतो आहे हे सगळ्यांनी पाहिले. मोटर निघून गेली होती. बुलढाण्याला जाऊन तार करावी असे मनात आले, पण तारवाला दारात आला तरी तुमच्या घरात काय समजतील? मी परत आलो. आईला सांगितले नाही. भगवानरावांनाही लिहिले नाही, कारण ते कचेरीत असताना कार्ड तुझ्याच हातात पडणार हे मला माहीत होते, आणि माझे पत्र त्याच्या मागून जाणार होते. रोज मोटरचा भोंगा ऐकला की मी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभा राहत असे.

तुझे उत्तर आले. पुंजाजीने ते माझ्या हातात दिले तेव्हा मी आधी त्याचे चारी कोपरे पाहिले.

तू लिहिले होतेस, "भाऊ, तुझ्या बाईच्या सायकलीचं एक चाक वाटेत कोणी नेलं? टपालवाल्याला विचारलं तर म्हणाला, बाई, मला चाक काय करायचं. बिचारी नागपुरापर्यंत एका चाकावर आली. तिला पाणी दिलं, बसवलं, आता बरी आहे."

आईला वाचून दाखवले. ती डोळे पुसेपर्यंत हसली. "पाह्य, पोरीले काही समजलं नाही," असे दिवसभर सांगत होती. अंबूबाईलाही बोलावून ऐकवले.

मी ते कार्ड घेऊन मळ्यात गेलो आणि पुन्हा वाचले. खाली "कधी येतोस" नव्हते. त्या जागी होते, "दादाला सांग, मी वेळेवर जेवते, झोपही येते. त्याने काळजी करू नये. आणि त्याने स्वतः जेवत जावे."

तुझ्या लग्नाला नऊ वर्षे झाली. आजवर माझ्यासाठी एकच वाक्य असायचे, "दादाला नमस्कार." त्यात माझा राग नाही, मला तरी कुठे काही लिहिता येत होते.

त्यानंतर तू त्याला एकदाही ये म्हटले नाहीस. कार्डे मात्र सोडली नाहीस. तू भाऊ म्हणून लिहीत होतीस आणि वाचणारा मी आहे हे तुला ठाऊक होते. मी कोकी म्हणून लिहीत होतो आणि तुला ते ठाऊक आहे हे मला ठाऊक होते. तू कोणाजवळ बोलली नाहीस, भगवानरावांजवळही नाही. त्यांनी परवाही लिहिले आहे की कोकिळेला काही कल्पना नाही. त्या खाटेवर पडून, पोटातल्या जिवाला धक्का लागू नये म्हणून, तू रडलीही नसशील. वर आम्हाला हसवत होतीस.

कोजागिरीला बाळी झाली. सव्वा महिन्यानंतर सांगायचे असे ठरले होते. तो होऊन गेला. मी सांगितले नाही. भगवानरावांनी दोनदा विचारले, मी थंडी कमी होऊ द्या म्हणून कळवले. थंडीचा काही संबंध नव्हता. मला ती कार्डे लिहायला आवडायला लागली होती, कोकिळे. अलीकडची आईची नाहीत, माझीच आहेत. जिलबी खाणाऱ्या पहिलवानाचे माझेच होते. तुला ते हसवून गेले असे तू लिहिलेस तेव्हा मी चार वेळा वाचले. लिहिताना तो शेजारी बसून सांगतो आहे असे वाटत असे, आणि तुला खरे कळवले की ते थांबणार. म्हणून मी तुला इतके दिवस एकटे ठेवले. इतकेच खरे कारण आहे.

काल आई बाळंतविडा बांधत होती. डिंकाचे लाडू, अळीव, बाळीला दोन कुंच्या, तुला चोळीचा खण. मला म्हणाली, "हे पाठवून दे, अन् एक कार्ड लिही, हासू येईल असं." तेव्हा मी तिला फाटक्या कोपऱ्याचे सांगितले. तिचे हात गाठोड्यावरच राहिले.

"म्हणजे पितरपाठापासून तिले ठाऊक आहे?"

"हाव."

"अन् थे एकटी होती? येवढे दिवस?"

मी सांडलेले अळीव वेचायला लागलो.

"मंग तू अजून इथंच काऊन बसला बे?"

गाठोड्याची गाठ मारून तिने ते माझ्यासमोर आणून ठेवले, आणि पहिल्यांदाच शेषरावचे नाव घेऊन रडली. अंबूबाई आली, तीही तिच्याजवळ बसून रडली. मी गेलो नाही. बायकांच्या मध्ये कसे जायचे ते मला सुचले नाही.

उद्या पहाटेच्या मोटरने मी मलकापूरला जातो आणि तिथून नागपूरची गाडी धरतो. हे पत्र टपालात टाकत नाही, बरोबर आणतो. तोंडाने सांगायला गेलो तर मी हवापाण्याचे बोलेन आणि परत येईन, हे तुला माहीत आहे. म्हणून भगवानराव हे तुझ्या हातात देतील आणि बाळीला घेऊन सासूबाईंकडे जातील, असे मी त्यांना सांगणार आहे. मामंजींनाही सांगेन, की आत आवाज झाला तरी कोणी येऊ नये.

तेव्हा आता तू वाचते आहेस आणि मी बाहेर ओट्यावर बसलो आहे. घाई करू नको. मला गाडी धरायची नाही. शाळेला सुटी टाकली आहे.

तो गेल्यापासून मीही रडलो नाही. एकट्याने ते होत नाही असे दिसते.

वाचून झाले की हाक मार.

तुझ्या दारात बसलेला,
तुझा दादा
शालिग्राम